शेऱ्याचा रकाना

२०२२ सालच्या ३१ डिसेंबरची रात्र. साडेनऊ वाजले असतील. मी आमच्या चिंचणीच्या घराच्या ओटीवर सायकल काढली, मागचं चाक उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर चढवली, खाली गोणपाट टाकून बसलो आणि हाताने पायडल फिरवायला लागलो. आत टीव्ही चालू होता. समुद्राकडून गार वारा येत होता, कुठेतरी लांब फटाके वाजत होते. हँडलवरच्या मीटरवर आकडा होता ४,९९४. मला ५,००० हवे होते.

तसे सकाळीच सहा किलोमीटर मारून आलो असतो. पण सकाळी घरात पाहुणे, दुपारी एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला वाणगावला जावं लागलं, तेही रिक्षाने. संध्याकाळी अंगात त्राण नव्हतं. वयाच्या पासष्टीला अंधारात सायकल काढायला ही देत नाही. मग म्हटलं, चाक फिरल्याशी कारण.

मोठ्या दातेरीला साखळी टाकली, की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तीनदा फिरतं. चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर. म्हणजे सहा किलोमीटरला पायडलचे नऊशे-साडेनऊशे फेरे. मिनिटाला साठ धरले तर पाव तासाचं काम. हा हिशेब मी बसल्या बसल्या केला होता आणि तो बरोबर आला. शेवटच्या काही फेऱ्यांना नात बाहेर आली. सहा वर्षांची आहे. कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, सायकल कुठे चाललीय?"

मी म्हटलं, "साफ करतोय गं."

एका बैठकीत दोन खोटी झाली. एक मीटरशी, एक तिच्याशी. दुसरं मला त्याच वेळी लागलं. पहिलं लागायला रात्र उलटावी लागली, आणि ते लागलं ते सायकलमुळे नाही.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सायकलच्या हँडलवर काडेपेटीएवढा एक मीटर बसवतात. वायर नसते. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या डाव्या नळीवर एक सेन्सर पट्ट्यांनी आवळतात. त्याच्यासमोरून जाईल असा एक छोटा लोहचुंबक चाकाच्या तारेला, आणि दुसरा पायडलच्या दांड्याला. चुंबक सेन्सरसमोरून गेला की सेन्सर मीटरला कळवतो, एक फेरा झाला. चाकाच्या फेऱ्यांना घेराने गुणलं की अंतर, वेळेने भागलं की वेग. पायडलचे मिनिटाचे फेरे म्हणजे कॅडन्स. चुंबक आणि सेन्सर यांच्यात बोटभरसुद्धा अंतर चालत नाही, तीन-चार मिलिमीटरच हवं. आत नाण्यासारखा गोल सेल. एवढंच काम. माझ्या मीटरमध्ये जीपीएस नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. चाक फिरलं, हे तेवढं कळतं.

आधी माझ्याकडे एक स्वस्तातला मीटर होता, तोही बिनवायरचा, पण जुन्या पद्धतीचा. त्याची एक गंमत होती. आमच्या पट्ट्यात अणुशक्ती केंद्रातून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा आहेत. केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, म्हणजे माझं सगळं कळतं आयुष्य त्या मनोऱ्यांखालीच गेलं. तर हा मीटर तारांखाली गेला की बिथरायचा. मी उभा राहून घाम पुसतोय आणि मीटर दाखवतोय ताशी साठ, कधी सत्तर. जास्तीत जास्त वेगाच्या खान्यात ७१ हा आकडा कायमचा बसला होता. मी तो दोन-तीन जणांना मोठ्या तोंडाने दाखवलाही. मग मुलाने हा नवा आणून दिला. हा आपल्याच सेन्सरचा संदेश ओळखतो, तारांचं ऐकत नाही.

कॅडन्सचा मला खरा उपयोग झाला, तो नमूद करायला हवा. कारखान्यातली सवय म्हणून मी जड गिअरवर, दाबून दाबून सायकल चालवायचो. मीटर बसवला तेव्हा कळलं की मिनिटाला माझे पंचेचाळीसच फेरे होतात. गुडघे का दुखतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गिअर हलका केला, फेरे पासष्ट-सत्तरवर नेले, आणि दोन महिन्यांत जिना उतरताना कठडा धरणं सुटलं. माझ्यापुरतं तरी त्या आकड्याने भलं केलं. मोजणं वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सगळी नोकरीच मोजण्यात गेली.

पण हळूहळू मीटर माझ्यावर बसला. पावसाळ्यात एकदा खड्ड्यातून गेलो आणि तारेवरचा चुंबक सरकला. मला पत्ता नाही. तारापूरची खाडी ओलांडून, कुरगाव, पास्थळ करत बोईसर, तिथून उमरोळीवरून कोळगावला जिल्हा कचेरीच्या मोठ्या इमारतींपर्यंत गेलो, तेव्हा खाली पाहिलं तर शून्य. (२०१४ च्या १ ऑगस्टला आमचा जिल्हा झाला, तेव्हापासून पालघरला जायची कारणं वाढली आहेत, पण मी त्या दिवशी विनाकारणच चाललो होतो.) वीस-बावीस किलोमीटर बुडाले. खरं सांगतो, माझा जीव इतका चडफडला की तिथूनच माघारी फिरलो. भिजून घरी आलो आणि म्हटलं, "सगळं फुकट गेलं." ही भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, मग गेलात कोण? तुम्ही की मीटर?" मी काही बोललो नाही. चुंबक घट्ट करत बसलो.

आता १९८३ साली जातो.

आमच्या भागात सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि ज्यांच्या घरी भातशेतीवर भागत नव्हतं त्यांना एक नवी वाट झाली. मी विणकामाचा डिप्लोमा करून आलो होतो. एका कापड कारखान्यात लूमच्या शेडमध्ये लागलो, पुढे सुपरवायझर झालो. काळी सायकल घेतली, एकाच वेगाची, पुढे दिव्याला डायनामो. घरापासून शेडच्या गेटापर्यंत आमची माणसं तीन कोस म्हणायची. नव्या मीटरवर ते ९.४ किलोमीटर भरलं. सकाळच्या पाळीला पावणेसातच्या आत आत शिरायचं. त्या वेळी रस्त्यावर सायकलींची रांग लागायची, डबे हँडलला, हवेत केमिकलचा उग्र वास. ओळखीचा माणूस दिसला की घंटी, नाही तर मान खाली आणि पाय चालू.

तेव्हा किती किलोमीटर झाले, हे कुणी कुणाला विचारलं नाही. परवा मी हिशेब केला. जाऊन-येऊन १८.८, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं. १९९४ साली स्कूटर घेईपर्यंत बासष्ट हजारांवर भरतात. म्हणजे दरसाल साडेपाच हजारांहून जास्त. म्हातारपणी जे पाच हजार मला सालभर धडपडूनही सहाने कमी पडले, ते तेव्हा दर वर्षी होत होते आणि कुणाच्या खिजगणतीत नव्हते. कारण ते माझ्या कामाचे नव्हतेच. कारखाना गेटाच्या आतलं मोजायचा.

आत मात्र सगळं मोजलं जायचं. प्रत्येक लूमच्या अंगाला एक पिक काउंटर. बाण्याचा धागा एकदा ताण्यातून गेला म्हणजे एक पिक. हजार पिकांना आकडा एकाने पुढे सरकायचा. तीन पाळ्यांचे तीन वेगळे आकडे, पाळी बदलली की किल्ली फिरवून पुढचा चालू करायचा. आमचे लूम धोट्याचे, मिनिटाला एकशेसाठच्या आसपास पिकं. आठ तास न थांबता चालला तर शहात्तर-सत्त्याहत्तर आकडे. पण न थांबता कोणता लूम चालतो? धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलतो. साठच्या वर गेला की विणकर खूश. पंधरवड्याची सरासरी एका रेषेच्या वर असली तर प्रॉडक्शन बोनस.

पाळी संपताना मी वही घेऊन रांगेतून फिरायचो. लूम नंबर, विणकराचं नाव, आकडा. आणि शेवटी एक रुंद रकाना होता, शेरा. बीम बदलला, वीज गेली, पट्टा तुटला, जे काही झालं असेल ते तिथे लिहायचं. घाईत बहुतेक वेळा तो मोकळाच राहायचा.

मध्ये एक सांगून टाकतो. अलीकडे कुठेतरी वाचनात आलं, की सायकलचा मीटर हा काही आजचा नाही. १८९५ साली अमेरिकेत कर्टिस व्हीडर नावाच्या माणसाने चाकाच्या तारेला खिळा लावून, दर फेऱ्याला टक् करणारा छोटा मीटर काढला आणि तो फार खपला. १९२८ साली त्याची कंपनी रूट नावाच्या दुसऱ्या कंपनीशी एक झाली, आणि या व्हीडर-रूटने लूमवरचे पिक काउंटरही बनवून जगभर विकले. म्हणजे हौसेचा मीटर आणि मजुरीचा मीटर एकाच घरातले. मी वाचलं आणि जरा वेळ पुस्तक मिटून बसलो. ३१ डिसेंबरच्या आधी वाचलं असतं, तर नुसती गंमत वाटली असती.

१९९१ सालची रात्रपाळी. पावसाळा संपत आला होता. माझ्या शेडमध्ये आझमगडकडचा एक विणकर होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. चार लूम सांभाळायचा. हात असा की तुटलेला धागा कधी जोडला ते कळायचं नाही. त्या रात्री दोनच्या पुढे त्याच्या तीन लूमना बाण्याच्या कांड्या आल्याच नाहीत. कांडी खात्यातून माल वर पोहोचवणं हे माझ्या हद्दीत होतं. मी एकदा माणूस पाठवला, तो परत आला नाही, मी दुसऱ्या टोकाला एका बीमपाशी अडकलो. दीड तास ते तीन लूम उभे होते. चाचा दोनदा माझ्याकडे आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "साहब, रात जा रही है." मी म्हटलं, आती है, आती है.

चार वाजून गेले असतील. मी रांगेच्या कडेने येत होतो आणि मला आवाज लागला. भरलेला लूम ठोकतो त्याचा आवाज वेगळा असतो, रिकामा ठोकतो त्याचा वेगळा. शेडमध्ये दीडशे लूम एकदम चालू असले, तरी सवयीचा कान हे ओळखतो. जाऊन बघतो तो चाचाचा एक लूम कांडीशिवाय चालू. बाणा नसला की लूम थांबवणारा काटा त्याने सुतळीने बांधून ठेवलेला. कापड पुढे ओढणारी खिटी उचलून ठेवलेली. लूम धडधडतोय, काउंटर फिरतोय आणि कापड जागच्या जागी.

सायकल स्टँडवर आणि चाक हवेत. अगदी तेच.

त्याने मला पाहिलं, लूम थांबवला, सुतळी सोडली. काही बोलला नाही. मी किती वेळ चालू होता ते विचारलं. म्हणाला, आधा घंटा. म्हणजे पाच आकडे. सकाळी मी वहीत लूम नंबर लिहिला, आकडा लिहिला, पाच वजा केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'लूम रिकामा चालवून काउंटर वाढवला.' शब्द न शब्द आठवतो, कारण त्या पानावर तेवढाच शेरा होता.

कांड्या दीड तास नव्हत्या, हे मी लिहिलं नाही.

त्याचा हिशेब करून बघा. तीन लूम, नव्वद मिनिटं, मिनिटाला एकशेसाठ. तीन लूमचे मिळून बेचाळीस-त्रेचाळीस आकडे त्याच्या हातून गेले होते, त्याचा काही दोष नसताना. त्यातले पाच त्याने परत घेतले. तो बदली कामगार, कायम नव्हता. पंधरवड्याचा बोनस कापला, आणि महिनाभराने त्याला, आता येऊ नकोस, असं सांगण्यात आलं. मला कुणी बोल लावला नाही. उलट, कान चांगला आहे तुझा, असं वरचे म्हणाले.

इतकी वर्षं मी याला चोरी म्हणत आलो. आणि ती चोरी होतीच, हे आजही म्हणतो. जे कापड विणलं नाही त्याचे पैसे कोण देणार, आणि का द्यावेत? उद्या दीडशे लूम असेच रिकामे चालले तर शेड बंद पडेल आणि प्रामाणिक विणकरही घरी बसेल. हा मुद्दा मी पोरांना, जावयाला, चहाच्या टपरीवर अनेकांना ऐकवला आहे. कुणी खोडून काढला नाही. आता मीच जरा चाचपून बघतो.

लूमला काउंटर होता. कांडी खात्याच्या खिडकीला नव्हता. सुपरवायझरच्या फेऱ्यांना नव्हता. विणकराचं मिनिट न् मिनिट मोजलं जात होतं, आणि त्याला जे मिळायला हवं होतं ते किती उशिरा आलं, हे मोजायला कुठेही चुंबक बसवलेला नव्हता. त्यासाठी एकच जागा होती, तो शेवटचा रकाना, आणि त्याची पेन्सिल माझ्या हातात होती. काउंटर खोटं बोलला नाही. चाचाने त्याला खोटं बोलायला लावलं, ते मी पकडलं. मी मात्र एकही खोटा शब्द न लिहिता निघून गेलो. वही तपासायला आज कुणी आणली, तर माझी चूक त्यात सापडणार नाही.

ओटीवर मी कुणाला लुबाडलं? कुणालाच नाही. सहा किलोमीटरचे मला कुणी पैसे देणार नव्हतं. वाढदिवसाला मुलगा फार तर म्हणाला असता, बाबांनी पाच हजार केले. तरी मी चाचाने केलं तेच केलं आणि ते पोटासाठी नव्हतं. यात मला कमी दोषी ठरवावं की जास्त, हे ठरत नाही. लुबाडणूक नाही म्हणून कमी. गरज नव्हती म्हणून जास्त. त्याला कांड्या मिळाल्या नव्हत्या. मला काय मिळालं नव्हतं? एक गोल आकडा.

आमची आजी लक्ष वाती करायची. लाख वाती वळून देवाला वाहायच्या, महिनोन् महिने चालणारं काम. शंभर वाती झाल्या की एक चिंचोका वाटीत टाकायची. (रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने रस्ता मोजायची गाडी लिहून ठेवली आहे, चाकाचे चारशे फेरे झाले की एक खडा आपोआप भांड्यात पडायचा, चारशे फेरे म्हणजे एक रोमन मैल. आजीच्या वाटीहून काही फार पुढची नाही ती.) आम्ही पोरं वाटीतले चिंचोके खेळायला पळवायचो. तिच्या लक्षात यायचं. मग मोजणी चुकली असं धरून ती दोन-तीनशे वाती वरून वळायची. मी एकदा विचारलं, देवाला काय कळतंय, कमी झाल्या तर? ती म्हणाली, "कळलं नाही म्हणून काय मी कमी करू?" आणि काम चालू. तिच्या हिशेबात चूक असायचीच, पण ती कायम तिच्याच अंगावर पडायची. माझ्या सहा किलोमीटरची चूक माझ्या बाजूला पडली आणि चाचाच्या बेचाळीस आकड्यांची चूकही माझ्याच बाजूला.

जानेवारीत आणखी एक गोष्ट झाली. मीटर बसवताना मुलाने चाकाचा घेर तक्त्यातला घातला होता, २,१५५ मिलिमीटर. लूमवरून उतरलेलं कापड ताण सुटला की आखडतं, फोल्डिंग खात्यात मीटर कमी भरतात, हे मला ठाऊक होतं. तसंच टायरचं असणार, माणूस बसला की दबतो. म्हणून ओटीखालच्या शहाबादी फरशीवर खडूची खूण केली, टायरवर एक खूण केली, स्वतः सायकलवर बसलो, नातीला भिंतीकडून धरायला लावलं आणि चाक एक फेरा पुढे सरकवलं. तीनदा मोजलं. २,१४० आले. पंधरा मिलिमीटर कमी. वर्षाच्या पाच हजारांत हे पस्तीस किलोमीटर होतात. म्हणजे ३१ डिसेंबरला मी ज्या सहासाठी बसलो होतो ते सहा नव्हतेच, चाळीसच्या वर होते. मीटर वर्षभर माझ्या बाजूने बोलत होता आणि मला माहीत नव्हतं.

त्या पस्तीसांचं मला काही वाटलं नाही. घेर दुरुस्त केला, संपलं. सहांचं वाटतं. मोठी चूक डोळ्यांत खुपत नाही आणि लहान खुपते, हे विचित्र आहे, पण पाच आणि बेचाळीसचंही तेच होतं. तेव्हा मला पाच दिसले होते.

फेब्रुवारीत एका सकाळी बोईसरला स्टेशनजवळ आमचा जुना जॉबर भेटला. सत्तरीपुढचा आहे, हातात काठी. टपरीवर बसलो. तो माझी सायकल न्याहाळत होता, मीटर बघून हसला, म्हणाला, "आता तुम्हाला पण काउंटर लागला का?" मीही हसलो. मग इकडचं-तिकडचं झालं, कोण गेलं, कोण आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो आझमगडवाला चाचा कुठे असेल?

"चाचा तर तेव्हा चार होते," तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, "हां, तो काउंटरवाला ना? तो भिवंडीला गेला होता. मग मुलुखाला गेला म्हणे. पुढचं काय माहीत नाही."

काउंटरवाला. बत्तीस वर्षांनी माणसाच्या हाताची सफाई कुणाच्या लक्षात नाही, माझा शेरा आहे.

मी म्हटलं, "त्या रात्री कांड्या आल्या नव्हत्या. दीड तास. तीन लूम उभे होते. माझं काम होतं ते, मी लिहिलं नाही."

जॉबरने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "असेल," म्हणाला. "तेव्हा कांडी खात्याची रडच होती." बशी संपवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगितलं असतंत तेव्हा तर मी मॅनेजरला बोललो असतो."

चहाचे पैसे मी काढत होतो, त्याने हात धरला आणि स्वतः दिले. त्याला वसाहतीच्या रस्त्यापर्यंत सोडायला मी सायकल हातात धरून चालत गेलो. चाक फिरत होतं, मीटर ताशी चार दाखवत होता. पायडल स्थिर, कॅडन्सच्या खान्यात शून्य.